अंतर दोन ठिकाणांचं, वेळ विमानाचा: आडबाजूच्या विमानतळांचा हिशेब

प्रश्न असा आहे: दोन लहान, आडबाजूच्या विमानतळांची नावं तीन संकेतस्थळांवर टाकून पाहिली, तर अंतर तीन तऱ्हेचं आलं आणि उड्डाणाचा वेळ तर एकाचा दुसऱ्याशी जुळेना. यातलं खरं कुठलं धरायचं? आणि आपलं आपण काढायचं झालं तर कसं?

मी बरीच वर्षं छोट्या टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या इंजिनांच्या, विमानांची उड्डाणं आखतोय. वैमानिक नाही, डिस्पॅचर. मार्ग, वारा, इंधन आणि वेळ लिहिलेला जो कागद उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात पडतो, तो माझ्या टेबलावर तयार होतो. तेव्हा आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. तुम्हाला मिळालेली अंतरं तिन्ही बऱ्यापैकी बरोबर असतील. वेळ मात्र तिन्ही ठिकाणी चुकलेला असण्याची शक्यता दाट आहे, कारण वेळ विमानावर ठरतो आणि कुठलं विमान जाणार हे त्या संकेतस्थळाला माहीतच नसतं.

अंतरापासून सुरुवात करू, ते सोपं आहे.

आकडे वेगळे दिसले की पहिला संशय एककावर घ्यायचा. आमच्या धंद्यात नॉटिकल मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. पानावर नुसतं ‘मैल’ छापलेलं असतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो. दुसरा संशय बिंदूवर. आकडा विमानतळाचा आहे की त्या नावाच्या गावाचा? प्रत्येक अधिकृत विमानतळाला एक ठरलेला संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या वैमानिक माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. मोजायचं ते तिथून. तिसरा संशय पृथ्वीच्या आकारावर. बरीच संकेतस्थळं पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात. खरी पृथ्वी विषुववृत्ताशी ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर त्रिज्येची, म्हणजे जराशी दबलेली. एकाने गोल धरला आणि दुसऱ्याने दबलेली आकृती धरली, तर उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. शंभर किलोमीटरला अर्धा किलोमीटर. त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

नावावर मात्र विसंबू नका, कोड बघा. ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातलं सिडनी यांची गल्लत करून लोक खरोखरच भलत्या खंडात उतरलेले आहेत. एकाचा तीन अक्षरी कोड एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. लहान धावपट्ट्यांच्या बाबतीत आणखी पंचाईत असते. कित्येकांना तीन अक्षरी कोड नसतोच, चार अक्षरी असतो. काहींना तोही नसतो. मग अक्षांश-रेखांश हाच पत्ता.

जवळच्या दोन विमानतळांसाठी कुठल्याही संकेतस्थळाची गरज नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच भरतो, पण ध्रुवाकडे जावं तसा आक्रसत जातो. किती आक्रसला ते त्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो. नेपाळचं उदाहरण घेऊ. रामेछाप (मंथली) साधारण २७.३९ उत्तर, ८६.०६ पूर्व. लुक्ला २७.६९ उत्तर, ८६.७३ पूर्व. अक्षांशातला फरक ०.३०, म्हणजे ३३ किलोमीटर. रेखांशातला फरक ०.६७, त्याला १११ ने आणि २७.५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.८९ ने गुणलं की ६६ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस: कर्ण ७४ किलोमीटर. कागदाच्या पाठीवर झालं.

यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा १८० अंश रेखांशाचा. फिजीमध्ये सावुसावू १७९.३४ पूर्व रेखांशावर आहे आणि तावेउनी बेटावरचं मातेई १७९.८८ पश्चिम रेखांशावर. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, पण खरा फरक पाऊण अंशाच्या थोडा वर, अंतर ८४ किलोमीटर. पश्चिमेला वजा चिन्ह देऊन डोळे झाकून वजाबाकी केलीत तर फरक ३५९ अंशांचा येतो आणि वरच्या सोप्या हिशेबाने अंतर अडतीस हजार किलोमीटर. वजाबाकी १८० च्या वर गेली की ३६० मधून वजा करायची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसऱ्या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. एका दूरच्या धावपट्टीचा अक्षांश छापील तक्त्यात ६८ अंश ४५ मिनिटं असा होता. मी घाईत ६८.४५ असं टाइप केलं. पण ४५ मिनिटं म्हणजे पाऊण अंश. व्हायला हवं होतं ६८.७५. चूक दिसायला किरकोळ, ०.३० अंशांची. प्रत्यक्षात १८ नॉटिकल मैल, ३३ किलोमीटर. १६० नॉट (म्हणजे ताशी १६० नॉटिकल मैल) वेगाच्या विमानाला त्यासाठी पावणेसात मिनिटं लागतात आणि तेवढं इंधनही. कॅप्टनने कागद हातात घेतला, स्वतःच्या जीपीएसवरचं अंतर बघितलं आणि कागद मला परत दिला. म्हणाला, “तुझी धावपट्टी कुणीतरी हलवली वाटतं.” तेव्हापासून मी प्रत्येक नवा बिंदू आधी नकाशावर टाकून बघतो. खाली धावपट्टी दिसली तर पुढे, समुद्र किंवा डोंगर दिसला तर तक्ता पुन्हा उघडायचा.

लांबच्या अंतराला पायथागोरस पुरत नाही. तिथे पृथ्वीची गोलाई मधे येते आणि सर्वांत जवळची वाट बृहत्वृत्तावरून जाते. पृथ्वीच्या केंद्रातून कापलेल्या वर्तुळाला बृहत्वृत्त म्हणतात. आम्ही बोलताना ग्रेट सर्कलच म्हणतो. सूत्र लांबलचक वाटलं तरी एका ओळीचं आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जे उत्तर येईल त्याचा उलटा कोसाइन काढला की कोन मिळतो, त्याला १११.२ ने गुणलं की किलोमीटर.

हे माझ्या आवडत्या जोडीवर करून दाखवतो. एक आहे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन, ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. दुसरं कॅनडाच्या आर्क्टिकमधलं रेझोल्यूट, ७४.७२ उत्तर, ९४.९७ पश्चिम. रेखांशांतला फरक ११०.४ अंश. सूत्रातून कोन येतो २२.२ अंश आणि अंतर सुमारे २,४७० किलोमीटर. दबलेली पृथ्वी धरली तर ध्रुवाजवळ दहा-बारा किलोमीटर वाढतात. बघा, इथेच दोन संकेतस्थळांची दोन उत्तरं झाली आणि दोन्ही बरोबर. हाच आकडा रस्त्यावरचे १,५३५ मैल आणि तोच १,३३४ नॉटिकल मैल.

भिंतीवरच्या सपाट नकाशात या दोन ठिकाणांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारा. रेघ जवळजवळ पश्चिमेला जाते, दिशा २६२ अंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजून). त्या रेघेवर एकच दिशा धरून उडालात तर २,८८० किलोमीटर पडतील, म्हणजे चारशेच्या वर जास्त. जवळची वाट निघताना वायव्येला तोंड करते, ३१९ अंशांवर. चढत चढत ८२ अंश अक्षांशाच्या पलीकडे, ग्रीनलंडच्या उत्तर टोकाजवळून जाते आणि रेझोल्यूटला पोचताना तोंड नैर्ऋत्येला, २१० अंशांवर वळलेलं असतं. विमानाने वळण असं घेतलेलंच नसतं. गोलावरची सरळ वाट सपाट कागदावर वाकडी दिसते, इतकंच. त्या भागात चुंबकीय होकायंत्र भरवशाचं नसतं, म्हणून कॅनडाच्या उत्तरेकडच्या हवाई क्षेत्रात दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात. धावपट्टीचा क्रमांक तिच्या दिशेवरून पडतो, आणि रेझोल्यूटच्या धावपट्टीचा क्रमांकसुद्धा त्याच हिशेबाने दिलेला असतो.

आता वेळेकडे वळू. खरी गंमत इथे आहे.

वेळ सांगणारी बरीच संकेतस्थळं एकच युक्ती करतात: ताशी ८०० किलोमीटर वेग धरायचा आणि उतरण्या-चढण्यासाठी वर अर्धा तास घालायचा. मोठ्या जेटच्या तीन-चार तासांच्या प्रवासाला हे बरं जुळतं. लहान विमानतळांना लावलं की दोन्ही बाजूंनी फसतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यात लोगनएअरचं विमान १९६७ पासून जातं. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. युक्तीने वेळ येतो अर्धा तास आणि वर बारा सेकंद. खरा वेळ दीड-दोन मिनिटं. वारा पाठीशी असताना ५३ सेकंदांत झाल्याचीही नोंद आहे. रामेछाप ते लुक्ला युक्तीने ३५ मिनिटं, खरी १५ ते २०. आता उलट टोक बघा. ३०० नॉटिकल मैलांना, म्हणजे ५५५ किलोमीटरला, युक्ती सव्वा तास सांगते. ट्विन ऑटर या छोट्या टर्बोप्रॉपला वारा नसतानाही दोन तासांच्या जवळ लागतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: विमान कुठलं? ऑर्कनीतल्या त्या फेरीवरचं ब्रिटन-नॉर्मन आयलँडर साधारण १३० नॉटने जातं. ट्विन ऑटर १५० ते १७०. एटीआर ७२ साधारण २७५. जेट ४५०. तेच अंतर, पण पहिल्या आणि शेवटच्या विमानाच्या वेळेत तिपटीहून जास्त फरक.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. विमान हवेत किती वेगाने जातं आणि जमिनीवर त्याची सावली किती वेगाने सरकते, या दोन वेगळ्या गोष्टी. ट्विन ऑटर १६० नॉटने जातंय आणि समोरून ४० नॉटचा वारा आहे, तर सावली १२० नेच सरकते. ३०० नॉटिकल मैलांना (इथून पुढे नुसतं मैल म्हटलं तरी नॉटिकलच) अडीच तास. परत येताना तोच वारा पाठीशी, सावली २०० ने, वेळ दीड तास. लोकांना वाटतं जाताना गेलं ते येताना भरून निघालं. नाही निघत. वारा नसता तर जाऊन-येऊन पावणेचार तास लागले असते, इथे चार लागले. कारण उघड आहे: समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, पाठीच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. अगदी काटकोनात, कुशीवरून आलेला वारासुद्धा फुकट जात नाही. विमानाला नाक वाऱ्याकडे तिरकं धरून चालावं लागतं आणि १६० चे १५५ उरतात. जेटला हाच ४० नॉटचा वारा फारसा बोचत नाही. ३०० मैलांना ४० मिनिटांऐवजी ४४. छोट्या विमानाचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यांत जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा इथून येतो, कंपनीच्या आळसातून नव्हे. (आळस असतोच, पण तो वेगळा ओळखू येतो.)

तिसरी गोष्ट, वेळ कुठून कुठवर मोजलाय. तिकिटावरचा वेळ आमच्या भाषेत ब्लॉक टाइम: चाकं हलली तिथपासून पुन्हा थांबली तिथपर्यंत. मोठ्या विमानतळावर नुसतं जमिनीवर फिरण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. लहान ठिकाणी दोन-तीन मिनिटांत विमान हवेत असतं. मात्र कित्येक लहान ठिकाणी धावपट्टीला जोडरस्ता नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच उलट दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत चालवत न्यायचं, तिथे गोल फिरायचं आणि मग निघायचं. चढताना वेग कमी असतो, उतरताना दर हजार फुटांना तीन मैल आधीपासून उतरायला लागायचं, म्हणजे दहा हजार फुटांवरून ३० मैल आधी. टर्बोप्रॉपसाठी माझा ठोकताळा असा आहे: अंतराला सावलीच्या वेगाने भागायचं आणि वर दहा मिनिटं घालायची. ५० मैलांच्या आतल्या उड्डाणाला मी हा ठोकताळा लावत नाही, कारण तिथे विमान नीट वेग पकडेपर्यंत उतरायची वेळ होते. तिथे वैमानिकालाच विचारायचं, गेल्या आठवड्यात किती लागली.

आणि विमान सरळ रेषेत जातं हे तरी कुठे ठरलंय? ट्विन ऑटरसारख्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दहा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं तर वैमानिकांना ऑक्सिजन लागतो, तेरा हजारांच्या वर तर पूर्ण वेळ. समोर त्याहून उंच डोंगर असला की विमान दरीदरीने, खिंड शोधत जातं. लुक्लाला हेच होतं. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची, समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरच्या वर, आणि ११.७ टक्के चढाची. उतरायचं नेहमी चढाच्या दिशेने, निघायचं नेहमी उताराच्या दिशेने, समोर डोंगर. एकदा उतरायला खाली आलं की पुन्हा उठून फेरी मारायची सोय जवळजवळ नाही. दुपारकडे वारा वाढतो आणि ढग दरीत भरतात, म्हणून उड्डाणं सकाळी उरकतात. हवेतला वेळ वीस मिनिटं. पण ती वीस मिनिटं मिळावीत म्हणून रामेछापला पहाटेपासून बसून राहिलेले प्रवासी दिसतात. आता ‘प्रवासाचा वेळ’ कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इथवर मी एक गोष्ट गृहीत धरत आलोय: या दोन ठिकाणांमध्ये विमान जातं. दोन लहान विमानतळांच्या बाबतीत ते बहुधा जात नाही. लहान विमानतळ एखाद्या मोठ्या केंद्राला बांधलेला असतो, शेजारच्या लहानाला क्वचितच. लाँगइयरब्येन–रेझोल्यूट घ्या. संकेतस्थळ सांगेल २,४७० किलोमीटर, तीन तास पस्तीस मिनिटं. नियमित विमान नाही. ज्या आकाराचं विमान अशा ठिकाणी परवडतं त्याला एवढा पल्ला झेपत नाही. एटीआर ७२ भरल्या विमानानिशी दीड हजार किलोमीटरच्या आसपास दमतं. मग खरी वाट अशी: लाँगइयरब्येन ते ओस्लो २,०१० किलोमीटर, ओस्लो ते लंडन १,२००, लंडन ते ओटावा ५,३५०, ओटावा ते इकालुइट २,१००, इकालुइट ते रेझोल्यूट १,५७५. प्रत्येक टप्पा थेट मिळाला असं धरूनही बेरीज १२,२०० किलोमीटरच्या वर, सरळ अंतराच्या पाचपट. आणि शेवटच्या टप्प्याचं विमान रोज नसतं. ते चुकलं तर हवेतले तास बाजूला राहतात आणि दिवस मोजायची पाळी येते.

याच्या उलट उदाहरण नॉर्वेच्या उत्तर टोकाला आहे. किर्केनेस आणि वाडसो यांच्यात हवेतून ३८ किलोमीटर. रस्त्याने जायचं तर फियॉर्डला, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाडीला, वळसा घालून दीडशेच्या वर. तिथे छोट्या विमानांच्या फेऱ्या बसगाडीसारख्या चालतात, उतर-चढ, उतर-चढ. अशा फेरीत तुमचं गाव चौथं असेल तर सरळ अंतर भागिले वेग हा हिशेब सोडून द्या. थांबे मोजा आणि प्रत्येक थांब्याला पंधरा-वीस मिनिटं धरा.

आता अंतराचा आणि वेळेचा जो भाग प्रवाशाला दिसत नाही पण माझं अर्धं काम खातो, तो सांगतो: पोचलो आणि उतरता आलं नाही तर? नेहमीच्या विमानतळाला पर्यायी विमानतळ धरून तिथवर जाण्याचं इंधन घेतात, आणि त्याखेरीज जेट-टर्बोप्रॉपला अर्ध्या तासाचं हात न लावायचं राखीव. पण जवळपास पर्यायच नसेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला एकाकी विमानतळ म्हणतात आणि तिथे पोचल्यावर, राखीव धरून, दोन तास उडता येईल एवढं इंधन शिल्लक लागतं. अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचं बघा. तिथे नियमित प्रवासी विमान ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालं. कड्याच्या टोकावरची धावपट्टी, वाऱ्याचे अचानक बदलणारे झोत, आणि सर्वांत जवळचं दुसरं विमानतळ असेन्शन बेटावर, सुमारे १,३०० किलोमीटर लांब. म्हणून जोहान्सबर्गहून जाणारं विमान वाटेत नामिबियात थांबून इंधन भरून घेत आलंय. नकाशावर तो थांबा वळशासारखा वाटतो. खरं तर बेटावरून तसंच माघारी यायची ती तजवीज आहे.

यातूनच आमचा आणखी एक हिशेब निघतो: कुठवर गेल्यावर परत फिरता येणार नाही. समजा राखीव बाजूला काढून पाच तासांचं इंधन आहे आणि वारा नाही. १६० नॉटने अडीच तास, ४०० मैल, तिथवर गेलात तरी घरी परतता येतं. आता तोच ४० नॉटचा वारा समोरून घ्या. जाताना १२०, येताना २००. त्या बिंदूला पोचायला तीन तास सात मिनिटं लागतात, पण तोवर मैल फक्त ३७५ झालेले असतात. वारा कुठूनही येवो, तो बिंदू घराकडेच सरकतो. पाठीच्या वाऱ्याने निघालात तरी मैल तेवढेच, ३७५. नवीन मुलांना मी हे आधी अंदाजाने सांगायला लावतो. बहुतेक जण पाठीच्या वाऱ्याला बिंदू लांब जाईल असं सांगतात, मग गणित करून गप्प होतात.

घड्याळाचा एक गोंधळ राहिला. काही संकेतस्थळं निघण्याची आणि पोचण्याची स्थानिक वेळ वजा करून ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून दाखवतात. सामोआतलं फालेओलो आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात १५० किलोमीटर आहेत, छोट्या विमानाला तासापेक्षा कमी. पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. सामोआने डिसेंबर २०११ मध्ये ३० तारीख गाळून रेषेची बाजू बदलली आणि आता दोघांत बरोबर चोवीस तासांचा फरक आहे. मंगळवारी दुपारी फालेओलोहून निघालात की पागो पागोला सोमवारी दुपारी पोचता. उड्डाणाचा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदलून घ्या. आमच्या कागदावर दुसरी वेळ नसतेच.

तर तुमच्या जोडीसाठी मी काय केलं असतं? दोन्हींचे अक्षांश-रेखांश त्या-त्या देशाच्या पुस्तिकेतून घेऊन नकाशावर टाकले असते. अंतर काढलं असतं, ते पाच मिनिटांचं काम. मग त्या मार्गावर विमान जातं का, कुठल्या वारी, कुठल्या जातीचं, मधे किती थांबे, हे कंपनीच्या वेळापत्रकात बघितलं असतं. जात असेल तर वेळापत्रकातला वेळ माझ्या गणितापेक्षा खरा, कारण त्यात त्या मोसमाचा सरासरी वारा आधीच मिसळलेला असतो. जात नसेल आणि विमान भाड्याने घ्यायचं असेल, तर वरचा ठोकताळा लावून जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगवेगळा काढला असता. भाडं बहुधा तासावर असतं आणि तुम्हाला सोडून रिकामं परत जाणाऱ्या विमानाचे तासही त्यात धरतात.

शिवाय धावपट्टी कधी उघडी असते ते बघा. स्कॉटलंडमधल्या बारा बेटावर विमान समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं आणि भरतीत ती धावपट्टी पाण्याखाली जाते, म्हणून तिथलं वेळापत्रक ओहोटी बघून लावतात. बाकीच्या आडबाजूच्या ठिकाणी प्रश्न साधा असतो: धावपट्टीला दिवे आहेत का? नसतील तर सूर्यास्त पोचण्याच्या ठिकाणचा धरायचा, निघण्याच्या नाही. तिथे ५.४० ला मावळत असेल, समोरच्या वाऱ्याने अडीच तास लागणार असतील आणि मी अर्धा तास हातचा ठेवत असेन, तर २.४० नंतर मी त्या विमानाला निघू देत नाही. मग प्रवासी संकेतस्थळावरचा सव्वा तास दाखवून कितीही वाद घालोत.